अस्तराचा कागद

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं विकणारे पुष्कळ आहेत. पुस्तकं शिवणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले. मी त्यांतला एक. १९७८ साली नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून पुण्याला आलो आणि बुधवार पेठेत एका वाड्याच्या माडीवर बाइंडिंगच्या कामाला लागलो. फर्मे घडी घालायचे, जुज लावायचे, दाभणाने भोकं पाडून शिवायचं, पाठीला सरस लावून दाबाखाली ठेवायचं. पुठ्ठ्याला कागद चिकटवायची खळ रोज सकाळी ताजी शिजायची. खळीत मोरचूद किती टाकायचा हे शिकायलाच मला वर्ष लागलं. कमी पडला तर कसर लागते, जास्त झाला तर कागदावर हिरवी झाक येते.

मालक ब्राह्मण, जुन्या वळणाचे. पहिल्या दिवशी दुपारी चहा आला. पिऊन झाल्यावर मी पेला विसळून वेगळा ठेवायला निघालो. आमचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे, मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झालेले. बाप्तिस्मा झाला तरी गावात पेला वेगळाच राहिला होता, आणि ती सवय माझ्या हातात होती. मालकांनी पेला माझ्याकडून घेतला आणि बाकीच्या पेल्यांत ठेवला. म्हणाले, "अरे, इथून थोडं चाललास की गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. तिथे १८९० साली टिळक-रानड्यांनी चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. तो हिशेब तेव्हाच मिटला. पेला इथेच ठेवत जा." त्या एका वाक्यावर मी त्यांच्याकडे अकरा वर्षं काम केलं. १९८९ मध्ये चौकाजवळच्या बोळात माझं छोटं दुकान झालं, तेव्हा जुनं कटिंग मशीन त्यांनीच हप्त्याने दिलं.

श्रद्धा आणि पोट यांची गाठ रोजच पडते. दिवाळीच्या आधी महिना-दीड महिना आमच्याकडे फक्त चोपड्या शिवल्या जायच्या. लाल कापडाच्या रोजमेळ-खतावण्या, पहिल्या पानावर 'श्री', लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाटावर मांडायच्या. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला अडवून विचारलं होतं, "दुसऱ्याच्या पूजेच्या वह्या बांधणं तुझ्या विश्वासात बसतं का?" मी त्यावर बरेच दिवस विचार केला. ज्या माणसाला नव्या वर्षाचा हिशेब देवासमोर ठेवून सुरू करावासा वाटतो, त्याच्याविषयी मला आदरच वाटत आला आहे. त्याची वही वर्षभर उघडमीट होऊन उसवू नये, एवढं मी करू शकतो. ते मी प्रार्थना करूनच करतो.

रविवारचा प्रश्न त्याहून अवघड. जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी या चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि आईबापांना सवड रविवारीच मिळते. उपासनेसाठी मी रविवारी साडेअकराच्या आधी दुकान कधी उघडलं नाही. तीस-पस्तीस वर्षांत किती गिऱ्हाईक शेजारी गेलं असेल, सांगता येणार नाही. घरात बोलणी झाली. मुलाच्या फीची तारीख टळली तेव्हा बायकोने सरळ विचारलं, "देव दोन तास कमी घेणार नाही का?" मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. पण त्या दोन तासांत मी कोण आहे हे मला आठवायचं, आणि बाकीचा आठवडा त्या आठवणीवर काढायचो.

मंडळीत मला पहिल्यांदा जबाबदारी मिळाली ती खजिनदाराची. साल १९९६. हिशेबाच्या वह्या शिवणारा हिशेब चांगला ठेवील असं लोकांना वाटलं असावं. उपासना संपली की व्हेस्ट्रीत दोघांनी मिळून दानार्पण मोजायचं, दोघांनी सही करायची, सोमवारी बँकेत भरायचं. आमची मंडळी श्रीमंत नाही. नर्सेस, शिक्षक, महापालिकेतले कामगार, घरकाम करणाऱ्या बाया. पाकिटातून येणाऱ्या नोटा बहुधा घामाने मऊ झालेल्या असत.

१९९८ च्या जूनमध्ये एका संस्थेचं माझं मोठं बिल अडकलं आणि कागदवाला दारात उभा राहिला. छपराच्या दुरुस्तीसाठी जमवलेले पैसे माझ्या कपाटात होते. त्यांतले चार हजार दोनशे रुपये मी उचलले. मंगळवारी उचलले, पुढच्या सोमवारी परत ठेवले. पावत्या जुळल्या, बँकेत पूर्ण भरणा झाला, वर्षाचं ऑडिट स्वच्छ निघालं. कुणालाही काही कळलं नाही.

तीन महिने मी प्रभुभोजनाला पुढे जायचो आणि हात थरथरायचा. चोरी केली असं मन मानायला तयार नव्हतं. परत ठेवले ना, व्याजही बुडालं नाही ना, असं मीच मला समजावत होतो. पण त्या सहा दिवसांत मंडळीच्या एखाद्या माणसाने छपरासाठी पैसे मागितले असते तर मी खोटं बोललो असतो. हे मला नक्की ठाऊक होतं. सप्टेंबरच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं.

खोलीत कुणी काही बोलेना. एकाने राजीनामा मागितला, ते रास्तच होतं. आमचे पाळकसाहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी इतिवृत्ताची वही माझ्यापुढे सरकवली. "जे सांगितलंस ते तुझ्या हाताने लिही," म्हणाले, "आणि खाली आम्ही सगळे सह्या करू. मग हे तुझं एकट्याचं राहणार नाही." वही माझ्याच दुकानातली, मीच शिवलेली. मी त्यात लिहिलं. तीन वर्षं कोणत्याही पदावर राहिलो नाही. नंतर लोकांनी मला सेक्रेटरी निवडलं. माझ्याविषयीचं ते पान वहीत असताना निवडलं, हे मी कधी विसरू शकलो नाही.

पुढारपणाविषयी लोक मला विचारतात तेव्हा मी या पानाविषयी सांगतो. आपल्याकडे मंडळ्यांचं बरंचसं बळ जागांच्या भांडणात गेलं. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेले बंगले, शाळा, दवाखाने यांनी आम्हाला आधार दिला आणि दोन-दोन गटही दिले. निवडणुका, अर्ज, धर्मादाय आयुक्तांकडच्या तारखा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा ठेवली. त्यामागची तळमळ मला कमिटीत बसल्यावर खरी उमगली. मी स्वतः त्या भांडणांत बोललो आहे, आवाज चढवला आहे. त्यातली एकही गोष्ट आज मला सांगावीशी वाटत नाही.

सांगायची आहे ती दुसरीच.

२००९ च्या श्रावणात, भर दुपारी, एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन थांबली. वर आली नाही. बुधवार पेठेतल्या त्या गल्ल्या साऱ्या पुण्याला माहीत आहेत. आमच्या बोळातून तिथपर्यंत पाच मिनिटंही लागत नाहीत. ती तिथली हे तिने लपवलं नाही, मीही न ओळखल्याचं दाखवलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठ उखडलेलं एक जाड पुस्तक होतं. "दादा, हे नीट होईल का?"

पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल होतं ते, केडगावच्या मुक्ती मिशनचं. मी हातात घेतलं आणि काही क्षण गप्प झालो. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या मराठीत त्यांनी ते सबंध उतरवलं. मुक्तीतल्या मुलींनी आणि बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या, सबंध बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. माझ्या धंद्यातल्या माणसाला असं पुस्तक दिसलं की आधी शिलाई दिसते. टाके अजून धरून होते, पाठ तेवढी गेली होती.

अस्तराच्या कागदावर निळ्या शाईत नावं होती. ख्रिस्ती घरांतून ही पद्धत जुनी आहे. लग्नाची तारीख, मुलांचे जन्म, बाप्तिस्मे, म्हाताऱ्यांचे मृत्यू, सगळं बायबलच्या पहिल्या पानावर. "माझी आई मुक्तीत वाढली," बाई म्हणाली. "खालून दुसरं नाव माझं." जन्मतारीख होती, बाप्तिस्म्याची तारीख होती, गावच्या मंडळीचं नाव होतं. पुढे तिचं काय झालं, कोणी आणून कुठे सोडलं, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आठ दिवसांनी ती पुस्तक न्यायला आली. मी पैसे नको म्हणालो. तिने तीस रुपये गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाली, "कामाचे पैसे घ्यावेत, दादा." मग जाता जाता, पाठमोरी असताना विचारलं, "तुमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले तर चालेल का?"

मी म्हणालो, "पाळकसाहेबांना विचारून सांगतो."

विचारायची काहीच गरज नव्हती. देवाच्या घराचं दार उघडं असतं, हे मी संडे स्कूलच्या पोरांना शिकवत होतो. तरी तसं बोललो. आणि विचारलंही नाही. पहिल्या रविवारी पाळकसाहेब गावाला गेले होते, दुसऱ्या रविवारी लग्न होतं, तिसऱ्या रविवारी मी ठरवून टाळलं. ती कधीतरी बोळातून जाताना दिसायची, मान हलवायची. कधीतरी मुलीसाठी शंभर पानी वही घ्यायची. पुन्हा तिने तो प्रश्न काढला नाही. चार वर्षं गेली.

२०१३ च्या नोव्हेंबरात तिच्या शेजारची एक बाई ते बायबल घेऊन दुकानात आली. "ती ससूनमध्ये वारली. म्हणायची, मला जाळू नका, आमच्यात माती देतात. बाइंडिंगवाल्या दादांना सांगा."

संध्याकाळी कमिटी बसली. नवे पाळकसाहेब येऊन वर्षच झालं होतं. आक्षेप निघाले ते सगळे नियमातले होते. ती मंडळीची सभासद नाही, वर्गणी नाही, गावच्या मंडळीचा दाखला नाही, कबरस्थानात जागा किती कमी उरली आहे. मग दुसरं काही कुणी हळू आवाजात म्हणालं, लोक काय म्हणतील. बोलणारी माणसं वाईट नव्हती. पिढ्यान्पिढ्या जगाकडून नाकारलं गेल्यावर मिळवलेली इज्जत होती ती. पोरींची लग्नं ठरायची होती. त्यांची भीती मला समजत होती, कारण तीच भीती चार वर्षं माझ्या घशात होती.

मी बायबल उघडून अस्तराचा कागद सगळ्यांपुढे धरला. म्हणालो, "हिचं नाव इथे आहे, आणि बाप्तिस्मा एकदाच होतो. ते नाव कुणीही खोडलेलं नाही. हिने मला मागचा बाक मागितला होता. मी तुम्हाला विचारलं नाही. हिला बाहेर ठेवलं ते मी."

मग रमाबाईंविषयी बोललो. आमच्या मंडळीत त्यांचा फोटो आहे, जयंतीला हार असतो. पंचहौद मिशनमध्ये काम करणाऱ्या वाँटेजच्या सिस्टरांची पुण्यात त्यांच्याशी ओळख झाली, त्यांच्याच आधाराने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात त्याच सिस्टरांचं काम त्यांनी पाहिलं. समाजाने टाकलेल्या, पतित म्हटलेल्या बायकांना त्या सिस्टर जवळ घेत होत्या, वाढवत होत्या. आपल्या शास्त्रांत ज्यांच्याविषयी दया दिसली नाही, त्यांच्याविषयी ही दया कुठून आली, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तर म्हणून एका सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. हे रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. पुढे मुक्तीत त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. मी एवढंच विचारलं, की रमाबाईंना ख्रिस्त ज्या दारातून दिसला तेच दार आपण आज लावून घ्यायचं का?

माझ्या बोलण्याने मतं बदलली असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यात एक निवृत्त नर्स बसल्या होत्या, आम्ही त्यांना सिस्टरच म्हणायचो. त्या कधी फार बोलत नसत. त्या उठल्या. "मी वॉर्डात आयुष्यभर प्रेतं धुतली," म्हणाल्या. "कुणाच्याही अंगावर धंदा लिहिलेला दिसला नाही. उद्या हिला मी धुते. पेटीला पैसे कमी पडले तर माझ्या पेन्शनमधून घ्या." पाळकसाहेबांनी वही मिटली. "सकाळी दहा वाजता," ते म्हणाले.

सकाळी अकरा बायका आल्या. मोजल्या, म्हणून आकडा लक्षात आहे. त्या कबरस्थानाच्या फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. आत यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टर गेल्या आणि हाताला धरून त्यांना घेऊन आल्या. तिची नऊ वर्षांची मुलगी मधे होती, शाळेच्या गणवेशात. एकीने अगरबत्ती आणली होती, ती पेटवू का म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं, मी पाळकसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. 'उपासना संगीता'तलं ना. वा. टिळकांचं एक गीत आम्ही धरलं. त्या बायकांना शब्द माहीत नव्हते. पण चाल अभंगाची होती, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांतली एक म्हातारी ध्रुपद उचलू लागली. तिचा आवाज आमच्या सगळ्यांच्या वर गेला. मग प्रत्येकीने मूठमूठ माती दिली. मुलीने दोनदा दिली.

रजिस्टर मी भरलं. नाव, वय, पत्ता: बुधवार पेठ. व्यवसायाच्या रकान्यात पाळकसाहेबांनी आडवी रेघ मारायला सांगितली. त्याच पानावर तशा आणखी रेघा होत्या.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. तीन कुटुंबं काही महिने आली नाहीत. दोन परत आली, एक दुसऱ्या मंडळीत गेलं. त्या वर्षीच्या नाताळला दोन बायका मागच्या बाकावर येऊन बसल्या, आशीर्वादाच्या आधीच उठून गेल्या. पुढच्या वर्षी थांबल्या. सिस्टरांनी त्यांच्याबरोबर मागेच बसायला सुरुवात केली, मग महिला मंडळातल्या आणखी दोघी त्यांच्यापाशी बसू लागल्या. बायकांनी बाक न सांगता बदलला. कमिटीत त्यावर ठराव कधी झाला नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे पेठा सील झाल्या, १२ तारखेचा ईस्टर आम्ही घरातच मोबाइलवर केला. त्या गल्ल्यांत चूल पेटत नव्हती. मी फोनवर नावं लिहून घेतली आणि धान्याचे पैसे मागितले तेव्हा कुणीतरी विचारलं, "यात ख्रिस्ती किती?" मी काही बोलायच्या आत खजिनदाराने, माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोराने, सांगितलं, "जेवणारे चौसष्ट आहेत." मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

बायबल माझ्याकडेच होतं. मुलगी वसतिगृहात राहून शिकत होती. ती सांभाळायला लहान आहे, मोठी झाली की द्या, असं बायबल आणून देणाऱ्या बाईने सांगितलं होतं. साडेआठ वर्षं ते माझ्या गल्ल्यामागच्या फळीवर राहिलं. मध्ये भिंतीला ओल आली तेव्हा मी ते पुन्हा उसवलं, कोपरे सांधले, पाठीला नवं कापड दिलं.

२०२२ च्या मे महिन्यात ती आली. बारावी झालेली, उंच, आईसारखीच पायरीशी थांबलेली. "काका, माझ्या आईचं पुस्तक तुमच्याकडे आहे म्हणे."

मी तिला वर बोलावलं, स्टूल दिलं, चहा मागवला. तिने पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिलं पान उघडलं. आजीच्या अक्षरातली नावं बोट फिरवत वाचली. आईच्या नावापुढे जन्म होता, बाप्तिस्मा होता, पुढची जागा रिकामी होती. तिने विचारलं, "इथे तारीख लिहायची असते ना?" मी पेन दिलं. तिने सावकाश, शाळेत परीक्षेत लिहितात तशा अक्षरात, नोव्हेंबरातली ती तारीख लिहिली. शाई वाळेपर्यंत पान मिटलं नाही.

मग तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं. पुन्हा शिवताना मी अस्तरामागे चार कोरी पानं जास्तीची घातली होती. "ही कशाला?" तिने विचारलं.

"तुला लागली तर," मी म्हणालो.

तिने पेन परत केलं नाही. बराच वेळ पहिल्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली. चहा आला, तो निवला. बोळात शाळेच्या वह्यांची हातगाडी अडकली होती आणि कुणीतरी मोठ्याने वाट मागत होतं.